जुन्या मोटारसायकलचे टायर आणि चेन



बैलगाडी होती तेव्हा चाकाला वंगण घातल्याशिवाय आपण ती लांबच्या वाटेला काढत नव्हतो. आता दारात दहा-बारा वर्षांची मोटारसायकल असते. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी पेंडीचे पोते, संध्याकाळी वैरणीचा भारा, सगळे तिच्यावरच. चेनला तेल मात्र मिळते दसऱ्याला, गाडीला हार घालताना! एका श्रोत्याने पत्रातून विचारले आहे, "चेन दर आठवड्याला ताणून घेतो, तरी चढावर खडखड वाजते. असं का?" त्यांची अडचण पुष्कळांची आहे, म्हणून आधी चेनचेच पाहू.

चेन लांबते असे आपण म्हणतो, पण लोखंड काही ताणून लांब होत नाही. प्रत्येक कडीत एक पिन असते आणि तिच्यावर नळी फिरते. धूळ आत शिरली की पिन आणि नळी एकमेकींना खातात. एका कडीत केसाएवढी झीज, पण अशा शंभराच्या आसपास कड्या. सगळी झीज मिळून चेन लोंबायला लागते. झीज सगळीकडे सारखी होत नाही. म्हणून एका जागी चेन सैल आणि दुसऱ्या जागी ताठ लागते. आपल्या श्रोत्यांनी बहुधा सैल जागा पाहून चेन ताणली असणार, म्हणजे ताठ जागी ती आणखी ताठ झाली.

झीज घरीच मोजता येते. चेनच्या पट्टीवर नंबर असतो. 428 नंबर असेल तर एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत अर्धा इंच अंतर. चेनचा एक भाग ताणून धरा आणि 21 पिना मोजा. पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नवीन चेनमध्ये बरोबर 10 इंच, म्हणजे 254 मिलिमीटर भरतात. मुलांच्या शाळेच्या पट्टीने मोजलं तरी चालतं. तीन-चार ठिकाणी मोजा. कुठेही 259 च्या पुढे गेले तर ती चेन संपली. मग ती ताणून उपयोग नाही.

मागच्या चकतीचे दातही पाहा. दात विळ्याच्या टोकासारखे एका बाजूला वळलेले दिसले तर चकतीही गेली. अशा वेळी पैसे वाचवायला नुसती चेन बदलू नका. नव्या चेनच्या कड्या झिजलेल्या दातांत नीट बसत नाहीत, सगळा जोर दोन-चार दातांवर येतो आणि नवी चेनही लवकर जुनीच्या वाटेला लागते. चेन आणि दोन्ही चकत्या असा सगळा सेट एकदमच बदलावा. खर्च एकदा जड वाटतो, पण भरल्या कॅनसकट चढावर चेन तुटली की काय होते ते ज्याच्यावर आले त्याला विचारा. तुटलेली चेन चाकात गुंतली तर चाक जागच्या जागी जाम होते आणि माणूस रस्त्यावर पडतो. दुधाचे नुकसान तर त्यापुढे काहीच नाही.

झोल किती ठेवावा? गाडी मधल्या स्टँडवर लावा, गिअर न्यूट्रल करा. खालच्या बाजूच्या चेनच्या मध्यावर बोटाने खाली-वर करून पाहा. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांत हा खेळ 20 ते 30 मिलिमीटर, म्हणजे साधारण इंचभर असावा. चाक थोडे-थोडे फिरवून सगळीकडे पाहा आणि जिथे सगळ्यात ताठ लागते तिथे इंचभर झोल ठेवा. ओझे लादले की मागचा भाग दबतो आणि चेन आणखी ताठ होते. म्हणून कॅन लावून, वर माणूस बसवून एकदा जरूर पाहावे. तेव्हाही थोडा झोल राहिलाच पाहिजे. ताठ चेन गिअरच्या बाजूचे बेअरिंग खाते, आणि ते काम चेनच्या सेटपेक्षा महाग पडते.

चाक मागे सरकवताना अ‍ॅक्सलचा नट आधी सैल करा. मग दोन्ही बाजूंचे चेन-अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवा. दोन्हीकडच्या खुणा एकाच रेघेवर आल्या नाहीत तर चाक तिरपे चालते आणि टायरही एका अंगाने झिजतो. सगळे घट्ट केल्यावर मागचा ब्रेक तपासायला विसरू नका. चाक मागे गेले की ब्रेकची सळई ताणली जाते आणि ब्रेक घासत राहतो. घरी चेन ताणणारे पुष्कळजण इथेच चुकतात.

साफसफाईला रॉकेल आणि जुना ब्रश पुरे. नंतर फडक्याने कोरडी करून 90 नंबरचे गिअर ऑईल खालच्या चेनच्या आतल्या बाजूला थेंब-थेंब सोडावे. चाक फिरेल तसे ते कड्यांत उतरते. रात्री घातले तर सकाळपर्यंत मुरते, वरचे फडक्याने पुसून टाकावे. ग्रीसचा थापा देऊ नये, त्यावर माती बसून कानशीच तयार होते. इंजिनातून काढलेले जळके ऑईलही नको, त्यात लोखंडाचा कीस असतो. दर 500 किलोमीटरला, आणि पावसाळ्यात चिखलातून आल्यावर लगेच, हे करावे. एक गोष्ट हात जोडून सांगतो : इंजिन चालू ठेवून चेनला फडके लावू नका. फडके ओढले जाते, मागोमाग बोट जाते. चाक हातानेच फिरवा. चेनचे कव्हर आणि साडी-गार्ड "आवाज करतंय" म्हणून काढून टाकू नका. मागे बसणाऱ्या बाईचा पदर तिथेच अडकतो.

चेनच्या जोडकडीची क्लिप बसवताना बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला असावे, उघडे टोक मागे.

आता टायर. टायरच्या बाजूला 2.75-18 असे लिहिलेले असते : रुंदी पावणेतीन इंच, रिम 18 इंचाची. जाड टायर छान दिसतो म्हणून मनाने माप बदलू नये, तो चेनला किंवा मडगार्डला घासतो. माप तेच ठेवून भार सोसणारा टायर मागावा. मापापुढच्या आकड्यावरून ते कळते : 42 म्हणजे 150 किलो, 48 म्हणजे 180 किलो. हिशेब करा. 40 लिटरच्या दोन कॅनांत 82 किलोच्या वर दूध, कॅनचे वजन वेगळे, वर आपण. यातला बहुतेक भार मागच्या चाकावर. गाडी मुळात दोन माणसांसाठी केलेली आहे, तेवढ्यावर तिसरा माणूस बसवू नये.

शिवारातून जाणे जास्त असेल तर मागे खोल, सुट्या ठोकळ्यांचा टायर घ्यावा, चिखल झटकतो. डांबरी सडकेवरच फिरत असाल तर तो लवकर झिजतो, तिथे साधाच बरा. दुकानात चार आकडे वाचायला विसरू नका : 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेला टायर नवा दिसला तरी रबर कडक झालेले असते. बाजूवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने बसवून घ्यावा. नव्या टायरबरोबर ट्यूब आणि रिमटेपही नवी घालावी.

हवा गाडी थंड असताना, पुस्तकात किंवा गाडीवरच्या पट्टीवर लिहिली असेल तितकीच भरावी. दोघांसाठीचा आकडा वेगळा असतो, ओझे नेताना तो धरावा. चिखलात पकड मिळावी म्हणून काहीजण हवा काढतात. ट्यूबच्या चाकात तसे केले की टायर रिमवर सरकतो, ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्हची मान तुटते. व्हॉल्व्ह तिरका दिसला की समजा सरकायला सुरुवात झाली. बाभळीचा काटा मोडून टायरमध्ये राहिला असेल तर पंक्चर काढणाऱ्याला आतून हात फिरवायला सांगा, नाहीतर तोच काटा दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्यूब फोडतो.