‘बॉइल’ म्हणजे उकळणे की उकडणे? इंग्रजी रेसिपी वाचताना इथेच होते गफलत

‘बॉइल द वॉटर’ आणि ‘बॉइल द पोटॅटोज’. इंग्रजीत दोन्हीकडे क्रियापद एकच. मराठीत मात्र पाणी उकळतं आणि बटाटा उकडतो. एखाद्या रेसिपीत ‘बटाटे उकळून घ्या’ असं दिसलं, की भाषांतर शब्दाला शब्द ठेवून झालंय हे समजावं.

चहा, आमटी, पाणी यांना उकळी फुटते, म्हणून ते उकळतात. अंडी, रताळी, शेंगा पाण्यात शिजतात, म्हणून त्या उकडायच्या. पण मेख पुढे आहे. मोदकही आपण उकडतोच. तो मात्र पाण्यात बुडत नाही, वाफेवर शिजतो. त्याला इंग्रजीत ‘स्टीम’ म्हणतात. परदेशी पाहुण्याला ‘बॉइल्ड मोदक’ म्हणून सांगितलंत, तर त्याच्या डोळ्यांपुढे पाण्यात गटांगळ्या खाणारा मोदक येईल!

गोव्यात किंवा कोकणात दुकानात ‘बॉइल्ड राइस’ मागितला, तर तयार भात मिळणार नाही. तो उकडा तांदूळ. टरफलासकट उकडून, वाळवून मग सडलेला. घरी आणून तो शिजवावाच लागतो, आणि त्याला वेळही जास्त लागतो.

खरी काळजी घ्यायची ती पिण्याच्या पाण्याबाबत. ‘पाणी तापवून प्या’ असं आपण सहज म्हणतो. पण ‘तापवणे’ यात कोमटही आलं आणि कडकडीतही. ‘बॉइल’मध्ये ही सवलत नाही. तळाशी चार बुडबुडे दिसले म्हणजे झालं नाही. सगळं पाणी खळखळून उकळायला हवं आणि तशी उकळी किमान १ मिनिट राहायला हवी. २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी गेलात तर ३ मिनिटं, कारण तिथे पाणी १०० अंश सेल्सियसच्या आधीच उकळतं. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून घ्या, नंतर झाकून गार करा. घरात लहान बाळ असेल तर सांगताना ‘तापव’ न म्हणता ‘उकळ’ म्हणा.

याच शब्दाचा नाम म्हणून अर्थ होतो गळू. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘बॉइल’ दिसलं तर स्वयंपाकघरात शोधू नका.

आणि उन्हाळ्यात इंग्रज माणूस ‘इट्स बॉइलिंग’ म्हणत घाम पुसतो, तेव्हा आपण म्हणतो, ‘काय उकडतंय!’ इथे मात्र दोन्ही भाषांचं जमलं.