नव्या कॉन्फरन्समधील प्रवेश आणि महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाचे भवितव्य : बटलर विद्यापीठाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये एखादा संघ किती चांगला खेळतो या प्रश्नाइतकाच तो कोणाशी खेळतो हा प्रश्नही महत्त्वाचा मानला जातो. तेथील विद्यापीठे 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत विभागलेली असून संघाच्या हंगामातील बहुसंख्य सामने आपल्याच कॉन्फरन्समधील संघांशी होतात. त्यामुळे कॉन्फरन्स बदलणे म्हणजे प्रतिस्पर्धी, उत्पन्न, प्रवास आणि प्रतिष्ठा या चारही गोष्टी एकाच वेळी बदलणे होय.

इंडियानापोलिस येथील बटलर हे 1855 साली सुरू झालेले एक लहान खासगी विद्यापीठ आहे. 2010 आणि 2011 अशी सलग दोन वर्षे त्याच्या संघाने राष्ट्रीय अंतिम सामना गाठला. त्यानंतर अल्पावधीतच, 1 जुलै 2013 रोजी, हे विद्यापीठ 'बिग ईस्ट' या नामांकित कॉन्फरन्सचे सदस्य झाले. या प्रवेशाने संघाचे भवितव्य उजळेल अशी अपेक्षा होती. पहिल्याच हंगामात मात्र संघाला कॉन्फरन्समधील 18 पैकी 14 सामने गमवावे लागले. या विसंगतीची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

उद्दिष्टे :

1. कॉन्फरन्स व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट करणे.
2. कॉन्फरन्स बदलाचा संघाच्या कामगिरीवर होणारा परिणाम बटलरच्या उदाहरणावरून अभ्यासणे.
3. अशा बदलानंतर संघाचे भवितव्य कोणत्या घटकांवर अवलंबून राहते याचा शोध घेणे.

कॉन्फरन्स व्यवस्थेचे स्वरूप :

भारतात आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघाच्या वतीने विभागवार होतात आणि विद्यापीठाचा विभाग त्याच्या भौगोलिक स्थानावरून ठरतो. अमेरिकेत असे नाही. तेथे कॉन्फरन्स ही विद्यापीठांनी स्वेच्छेने स्थापन केलेली संघटना असते. विद्यापीठ तिच्यातून बाहेर पडू शकते आणि निमंत्रण मिळाल्यास दुसरीत जाऊ शकते.

हंगामाच्या शेवटी एनसीएए या संस्थेची राष्ट्रीय स्पर्धा होते. 2011 पासून पुरुषांच्या स्पर्धेत 68 संघांना प्रवेश मिळत आला आहे. प्रत्येक कॉन्फरन्सच्या विजेत्याला थेट प्रवेश असतो. उर्वरित जागा निवड समिती गुणवत्तेनुसार भरते. या स्पर्धेत संघाने खेळलेल्या सामन्यांच्या प्रमाणात त्याच्या कॉन्फरन्सला उत्पन्नाचा वाटा मिळतो. हा वाटा सहा वर्षांत विभागून दिला जातो आणि कॉन्फरन्स तो सदस्यांमध्ये वाटते. म्हणजेच एका संघाच्या यशाचा लाभ शेजारच्या संघालाही होतो.

बटलरची पूर्वपीठिका :

बटलर 1979 पासून, पुढे 'होरायझन लीग' या नावाने ओळखल्या गेलेल्या कॉन्फरन्सचे संस्थापक सदस्य होते. तिच्यातील विद्यापीठे प्रामुख्याने इलिनॉय, ओहायो, विस्कॉन्सिन अशा जवळच्या राज्यांतील होती. या कॉन्फरन्समधून राष्ट्रीय स्पर्धेत बहुधा एकच संघ जात असे. याचा चटका बटलरला 2002 साली बसला. त्या हंगामात 25 विजय मिळवूनही कॉन्फरन्सच्या अखेरच्या स्पर्धेतील एका पराभवामुळे संघ राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिला. चार महिन्यांचे परिश्रम एका सामन्यावर पणाला लागतात, ही लहान कॉन्फरन्सची मूलभूत अडचण होय.

2009-10 मध्ये तरुण प्रशिक्षक ब्रॅड स्टीव्हन्स यांच्या मार्गदर्शनाखाली बटलरने कॉन्फरन्समधील 18 पैकी 18 सामने जिंकले. राष्ट्रीय अंतिम सामन्यात ड्यूककडून 61-59 असा निसटता पराभव झाला. अखेरच्या क्षणी गॉर्डन हेवर्डने मैदानाच्या मध्याजवळून फेकलेला चेंडू कड्याला लागून बाहेर गेला. पुढील वर्षी अंतिम सामन्यात कनेक्टिकटकडून 53-41 असा पराभव झाला. 2012-13 चा एक हंगाम बटलर 'अटलांटिक 10' या कॉन्फरन्समध्ये खेळले. तेथे संघाने 27 सामने जिंकले आणि इंडियाना विद्यापीठाच्या अग्रमानांकित संघालाही हरवले. मोठ्या व्यासपीठासाठी संघ सिद्ध आहे, याची ही पावतीच होती.

त्याच सुमारास जॉर्जटाउन, विलानोव्हा आदी सात कॅथलिक विद्यापीठांनी फुटबॉलप्रधान विद्यापीठांपासून वेगळे होऊन बिग ईस्टची नव्याने मांडणी केली आणि बटलर, क्रेटन व झेवियर यांना निमंत्रित केले. दूरचित्रवाणी हक्कांपोटी फॉक्स वाहिनीसमूहाशी बारा वर्षांचा करार झाला. बटलर हे या दहा विद्यापीठांतील एकमेव बिगर-कॅथलिक विद्यापीठ होते.

कॉन्फरन्सचे अंकगणित :

होरायझन लीग (2009-10) आणि बिग ईस्ट (2013-14) या दोहोंत दहा संघ होते आणि प्रत्येक संघ इतरांशी दोनदा, म्हणजे 18 सामने खेळत असे. दोन्हीकडे एकूण सामने 90 होतात. म्हणून 90 विजय आणि 90 पराभव वाटले जाणे अटळ असते. कॉन्फरन्स कितीही बलाढ्य असली तरी तिच्या संघांची परस्परांमधील सरासरी 9 विजय व 9 पराभव हीच राहते. एका कॉन्फरन्समध्ये 18 सामने जिंकणारा संघ दुसरीत गेला, की त्याच्या वाट्याचे काही विजय पूर्वीपासून तेथे असलेल्या, तितक्याच सक्षम संघांकडे जातात. संघाचा दर्जा कायम राहूनही त्याचे स्थान खाली येऊ शकते. यशाची मोजणी सापेक्ष असते, ही बाब प्रवेशाच्या उत्साहात अनेकदा दुर्लक्षित होते.

मग अशा बदलाचा लाभ कशात असतो? तो मूल्यमापनाच्या पद्धतीत असतो. निवड समिती 2018 पर्यंत आरपीआय नावाचा निर्देशांक विचारात घेत असे. त्यात संघाच्या स्वतःच्या विजयांना 25 टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना 50 टक्के आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना 25 टक्के भार होता. म्हणजे तीन चतुर्थांश मूल्यमापन इतरांच्या कामगिरीवर ठरत असे. कॉन्फरन्सअंतर्गत सरासरी नेहमीच निम्मी असल्याने, एक कॉन्फरन्स दुसरीपेक्षा सरस ठरते ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाहेरच्या संघांशी होणाऱ्या सामन्यांमुळे. या महिन्यांत सीटन हॉल किंवा प्रॉव्हिडन्स या संघांनी बाहेर मिळवलेला विजय मार्चमध्ये बटलरच्या उपयोगी पडतो. 2018-19 पासून आरपीआयची जागा 'नेट' या मापकाने घेतली. तरी प्रतिस्पर्ध्याच्या दर्जाला असलेले महत्त्व टिकून आहे.

याचे फळ 2017 साली दिसले. त्या वर्षी बिग ईस्टच्या दहापैकी सात संघांना राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला. मात्र 2024 मध्ये अकरा संघांपैकी केवळ तिघांना स्थान मिळाले. मोठ्या कॉन्फरन्समध्ये दारे अधिक असतात. ती सर्वांसाठी उघडतीलच असे नाही.

प्रशिक्षकबदल आणि संक्रमणाची किंमत :

बटलर बिग ईस्टमध्ये दाखल झाल्यानंतर दोनच दिवसांनी, 3 जुलै 2013 रोजी, स्टीव्हन्स बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाकडे जात असल्याचे जाहीर झाले. पहिल्या हंगामातील अपयशाचे श्रेय सामान्यतः याच घटनेला दिले जाते. परंतु तेवढ्याने स्पष्टीकरण पूर्ण होत नाही, कारण प्रशिक्षक सोडून जाणे बटलरला नवे नव्हते. 2001 साली थॅड मॅटा गेले. त्यांचे सहायक टॉड लिकलायटर यांनी पहिल्याच हंगामात 26 विजय मिळवले. 2007 साली लिकलायटर गेले. त्यांचे सहायक स्टीव्हन्स यांनी पहिल्याच हंगामात 30 विजय मिळवले. 2013 साली स्टीव्हन्स गेले. बटलरचेच माजी खेळाडू ब्रँडन मिलर यांच्या वाट्याला पहिल्या हंगामात 14 विजय आले.

तिन्ही वेळा उत्तराधिकारी संस्थेच्या परंपरेतलाच होता. 2013 मध्ये रूझवेल्ट जोन्स या प्रमुख खेळाडूची दुखापत आणि अनुभवी खेळाडूंचे पदवी घेऊन जाणे यांचाही परिणाम झाला, हे मान्य करावे लागेल. तरीही ठळक फरक परिस्थितीचा होता. होरायझन लीगमध्ये बटलर इतरांपेक्षा इतके पुढे होते, की संक्रमणाच्या वर्षातील उणिवा झाकल्या जात. बिग ईस्टमध्ये असा अवकाश नव्हता. लहान कॉन्फरन्स अग्रेसर संघाच्या चुका पोटात घालते. मोठी कॉन्फरन्स त्यांची किंमत वसूल करते.

पुढील वाटचाल यास पुष्टी देते. मिलर यांच्या वैद्यकीय रजेमुळे सूत्रे क्रिस होल्टमन यांच्याकडे आली. त्यांच्या काळात बटलरने 2015, 2016 व 2017 अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय स्पर्धा गाठली. 2016-17 मध्ये तत्कालीन राष्ट्रीय विजेत्या विलानोव्हाला दोनदा हरवले आणि अखेरच्या 16 संघांत स्थान मिळवले. जून 2017 मध्ये होल्टमन ओहायो स्टेटकडे गेले. लव्हॉल जॉर्डन यांच्या पहिल्या हंगामात, 2018 साली, संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला. 2020 मध्ये 22 विजय हाती असताना महासाथीमुळे स्पर्धाच रद्द झाली. 2022 मध्ये मॅटा परतले. परंतु 2019 ते 2025 या काळात बटलरला राष्ट्रीय स्पर्धेत खेळता आले नाही.

याउलट बटलरबरोबरच आलेल्या क्रेटनची वाटचाल पाहावी. डग मॅकडरमॉट हा असामान्य खेळाडू गेल्यावर 2014-15 मध्ये त्यांनीही 4 विजय व 14 पराभव पाहिले. तथापि ग्रेग मॅकडरमॉट हे प्रशिक्षक कायम राहिले. 2020 मध्ये क्रेटनने कॉन्फरन्सचे संयुक्त विजेतेपद मिळवले आणि 2023 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या आठ संघांत मजल मारली. पडझड दोघांचीही झाली. सावरण्यासाठी लागणारी स्थिरता एकालाच लाभली.

शैक्षणिक व आर्थिक परिणाम :

कॉन्फरन्स बदलाचा भार बास्केटबॉल खेळाडूंपुरता मर्यादित राहत नाही. फुटबॉलसारखे अपवाद वगळता बहुतेक खेळांचे संघ त्याच कॉन्फरन्समध्ये जातात. बिग ईस्टचा विस्तार अटलांटिक किनाऱ्याजवळील प्रॉव्हिडन्सपासून नेब्रास्कातील ओमाहापर्यंत आहे. व्हॉलीबॉल किंवा सॉकर खेळणाऱ्या विद्यार्थिनीला पूर्वी बसने गाठता येणारी ठिकाणे मागे पडून विमानप्रवास वाढतो आणि तासिका बुडतात. ज्या खेळाच्या उत्पन्नासाठी निर्णय झाला, तो ती खेळत नाही. निर्णयाचा भार मात्र तिलाही उचलावा लागतो.

जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नाव-प्रतिमेतून उत्पन्न मिळवण्यास मुभा मिळाली आणि त्याच वर्षी विद्यापीठ बदलण्याचे निर्बंधही शिथिल झाले. 2025 मधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. खेळाडू चार वर्षे घडवून परिपक्व संघ उभा करणे हे बटलरचे बलस्थान होते. नव्या परिस्थितीत तयार झालेला खेळाडू टिकवणे हेच आव्हान बनले आहे.

निष्कर्ष :

1. नव्या कॉन्फरन्समधील प्रवेशाने संघाची पात्रता सिद्ध होते; यशाची हमी मिळत नाही.
2. कॉन्फरन्सअंतर्गत विजयांची एकूण संख्या निश्चित असल्याने नवागत संघाच्या विजयात घट संभवते. मात्र प्रत्येक विजयाचे मूल्य वाढते.
3. संक्रमणकाळातील स्थैर्य हा निर्णायक घटक असून बलाढ्य कॉन्फरन्समध्ये त्याचे महत्त्व अधिक असते.
4. निर्णयाचे मूल्यमापन करताना सर्व खेळांतील विद्यार्थ्यांच्या अध्ययनावर होणारा परिणाम विचारात घेणे आवश्यक आहे.

बटलरचा अनुभव इतर विद्यापीठांनाही मार्गदर्शक ठरणारा आहे. गोन्झागा विद्यापीठाने ऑक्टोबर 2024 मध्ये 'पॅक-12' मध्ये जाण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्यासाठी जुलै 2026 ही मुदत ठरवली. 1999 ते 2025 या काळात झालेल्या प्रत्येक राष्ट्रीय स्पर्धेत हा संघ खेळला आणि त्यांपैकी 1999 ची पहिली स्पर्धा वगळता या सर्व काळात मार्क फ्यू हेच त्याचे प्रशिक्षक होते. बटलरकडे प्रवेशाच्या क्षणी जे नव्हते, ते गोन्झागाकडे आहे. या स्थैर्याची खरी परीक्षा पहिल्या हंगामातील विजयांपेक्षा पहिल्या अपयशानंतर संस्था कोणती भूमिका घेते, यावरून होईल.