झाड हिरवे, खोड पोकळ
वृक्षांचे बुरशीरोग आणि त्यांचा अभ्यास

पावसाळ्याचे वादळी वारे सुटले की मुंबईच्या उपनगरांतून झाडे उन्मळून पडल्याच्या वार्ता येऊ लागतात. कधी वाहनांची हानी होते, कधी माणसे दगावतात. 'काल तर झाड हिरवेगार होते,' असे उद्गार अशा वेळी हटकून ऐकू येतात. ते खरेही असतात. परंतु हिरवी पालवी ही झाडाच्या आरोग्याची पुरेशी साक्ष नव्हे.

कांदिवलीच्या पश्चिमेस असलेल्या चारकोपचे उदाहरण घेऊ. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने येथे भूखंड व सेवासुविधा पुरविण्याची योजना राबविली आणि मूळ गावठाणाशेजारी मोठी वसाहत उभी राहिली. उपनगरांतील अशा वसाहतींत गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष यांची सावली रहिवाशांना लाभते. यांपैकी गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तर पर्जन्यवृक्ष मध्य व दक्षिण अमेरिकेकडील. रस्ता, गटार आणि पदपथ यांच्या कोंडीत वाढणाऱ्या अशा झाडांचा छुपा शत्रू म्हणजे बुरशी.

रोग कसा शिरतो?

बुरशीला हरितद्रव्य नसते. त्यामुळे तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही; ते ती इतर सजीवांपासून अथवा मृत पदार्थांपासून मिळविते. तिचे सूक्ष्म बीजाणू वाऱ्याबरोबर सर्वत्र पसरतात. धडधाकट सालीतून लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला सहसा वाट मिळत नाही. ती वाट बहुधा आपणच करून देतो. फलकासाठी ठोकलेला खिळा, कुऱ्हाडीने ओबडधोबड तोडलेली फांदी, चर खणताना छाटलेले मूळ, ही तिची प्रवेशद्वारे होत.

लाकूड मुख्यत्वे सेल्युलोज व लिग्निन या द्रव्यांचे बनलेले असते. काही बुरशी लिग्निनही पचवितात. त्यामुळे लाकूड पांढरट व तंतुमय होते. काही प्रामुख्याने सेल्युलोज संपवितात. मग लाकूड तपकिरी होऊन त्याचे चौकोनी तुकडे पडतात. खोडाचा मधला गाभा मृत असतो. पाणी वाहून नेण्याचे काम त्याच्याभोवतीचे जिवंत लाकूड करते. म्हणूनच गाभा कुजत असतानाही पाने वर्षानुवर्षे हिरवी राहतात. झाडाचा आधार मात्र खचत जातो.

खोडावरील सूचना

गॅनोडर्मा ही अशा रोगांतील एक प्रमुख बुरशी. तिच्या नावाचा अर्थच 'चकचकीत त्वचा' असा आहे. झाडाच्या बुंध्याशी तांबूस तपकिरी, लाकडासारखे कठीण, कडेला पांढरट असे अर्धवर्तुळाकार छत्र दिसले, तर ते बहुधा हिचे फळ समजावे. हे छत्र उगवते तेव्हा आतील रोग बराच पुढे गेलेला असतो. छत्र काढून टाकल्याने तो बरा होत नाही.

कोकणात फणसाच्या खोडावर येणारा 'फणसोंबा' पूर्वापार परिचित आहे. मुलांच्या मुखरोगांवर तो उगाळून लावण्याची प्रथा आहे. ज्याला आपण औषध म्हणून जपतो, तेच त्या फणसाच्या दृष्टीने लाकूड कुजत असल्याचे लक्षण असते.

सर्वच बुरशी शत्रू नव्हेत

बुरशी नसती तर गळलेली पाने व मेलेले लाकूड यांचे ढीग साचले असते. चारकोपलगतच्या खाडीतील तिवरांची पाने कुजवून ती अन्नसाखळीत परत आणण्याच्या कामी बुरशीचा मोठा वाटा असतो. अनेक वृक्षांच्या मुळांशी तर बुरशीचे सख्य असते. ती मातीतील स्फुरद व पाणी मिळवून देते आणि बदल्यात वृक्षाकडून शर्करा घेते. या सहजीवनास जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ मध्ये नाव दिले.

या विषयाच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे केंद्र पुण्यात आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेली व आज आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाणारी ही संस्था बुरशींच्या जिवंत वाणांचा राष्ट्रीय संग्रह सांभाळते. कवकतज्ज्ञ आजरेकर यांच्या नावाने वाळविलेल्या नमुन्यांचे दालनही तेथे आहे.

आपण काय करावे?

अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून तपासली. झाड जखम भरून काढीत नाही, तर ती भोवती भिंती उभारून कोंडून टाकते, असे त्यांनी १९७० च्या दशकात मांडले. म्हणून फांदी खोडाला अगदी घासून कापू नये. तिच्या मुळाशी असलेला फुगीर भाग राखावा. जखमेला डांबर अथवा रंग फासल्याने कूज थांबत नाही.

बुंध्याभोवती सिमेंट ओतू नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवती १ मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. तो आपणही पाळण्याजोगा आहे. पावसाळ्यापूर्वी बुंध्यावरील छत्रे, भेगा व ढोल्या पाहाव्यात. लाकडी हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का, ते ऐकावे. संशय आल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. छाटणी वा तोड मात्र परस्पर करू नये. नागरी भागात १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची अनुमती लागते. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा लक्षात घ्यावा.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह शाळेच्या आवारातील, तर पंचायत सदस्यांनी चावडीपुढील व बाजारतळावरील झाडांची वर्षातून एकदा पाहणी केली, तर त्यास खर्च जवळजवळ नाही. झाड लावताना आपण समारंभ करतो. लावलेल्या झाडाच्या बुंध्याकडे वाकून पाहण्याची सवयही तितकीच अगत्याची आहे.