हमीपत्रातील एक ओळ : परिचारिका-शिक्षण आणि गुन्ह्याची नोंद

दलित चळवळीला तुरुंग नवा नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखांवर माणसे तुरुंगात गेली. १९७८ ते १९९४ या सोळा वर्षांच्या नामांतर लढ्यात तर विद्यार्थ्यांच्या पिढीच्या पिढीने पोलिसांच्या गाड्या आतून पाहिल्या. तुरुंगात जाऊन आलेला माणूस वस्तीत मानाने वावरत असे. हा आपला इतिहास आहे आणि त्याचा अभिमान बाळगण्यात काही गैर नाही.

परंतु त्याच वस्तीतील मुलगा किंवा मुलगी जेव्हा शिकायला निघते, तेव्हा तिच्या हाती एक अर्ज येतो आणि त्याला जोडलेले एक हमीपत्र येते. त्यात एक ओळ असते : "माझ्याविरुद्ध कोणताही फौजदारी गुन्हा दाखल नाही व कोणताही खटला प्रलंबित नाही." या ओळीपुढे आपला अभिमान कामाला येत नाही, घोषणाही कामाला येत नाही. तेथे कागद लागतो आणि कागद समजावून सांगणारा माणूस लागतो. हे दोन्ही नसल्यामुळे आपली मुले कशी मागे फिरतात, हे या लेखात परिचारिका-शिक्षणाच्या निमित्ताने मांडायचे आहे.

परिचारिका-शिक्षणच का, याचे उत्तर मुंबईच्या उपनगरांत मिळते. घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अग्रवाल, बोरिवलीचे भगवती, जुहूचे कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत आपल्या माणसांनी झाडू मारला आहे, आयाचे काम केले आहे, स्ट्रेचर ओढले आहे. त्याच रुग्णालयांत औषधाचा ट्रे घेऊन उभे राहावे, लोकांनी 'सिस्टर' किंवा 'ब्रदर' म्हणून हाक मारावी, ही त्यांच्या मुलांची इच्छा आहे. दोन वर्षांचा ए.एन.एम., तीन वर्षांचा जी.एन.एम. आणि चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग हे तीन रस्ते तेथे जातात. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेपेक्षा ते कमी खर्चाचे असून पुढे नोकरीची शक्यता बरी असते. आणि हे काम आपल्या परंपरेत हलके नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला उचलून दवाखान्यात नेणाऱ्या आणि त्याच साथीत १० मार्चला प्राण सोडणाऱ्या सावित्रीबाईंचे हे काम आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. 'रेकॉर्ड आहे' हे दोन शब्द वस्तीत फार सैलपणे वापरले जातात. पोलीस ते धाक दाखवण्यासाठी वापरतात आणि आपण ते भीतीने वापरतो. वास्तविक या दोन शब्दांत निरनिराळ्या वजनाच्या अनेक गोष्टी कोंबलेल्या असतात. त्या सुट्या केल्याशिवाय अर्जातील प्रश्नाला खरे उत्तर देताच येत नाही.

सर्वांत खाली एन.सी., म्हणजे अदखलपात्र तक्रार. नळावर भांडण झाले, शेजारीण चौकीवर गेली, हवालदाराने वहीत लिहून घेतले, एवढाच तो मामला असतो. दुसरी पायरी नोटिशीची आणि 'चॅप्टर'ची. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १०७ ही त्याची ओळखीची खूण होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १२६ झाले आहे. १४ एप्रिलच्या किंवा ६ डिसेंबरच्या आधी कार्यकर्त्यांना बोलावून शांतता राखण्याचा बंधपत्र लिहून घेतला जातो, तो हा प्रकार. यात कोणताही गुन्हा सिद्ध होत नाही. ही केवळ प्रतिबंधक कारवाई आहे. तिसरी पायरी दखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे एफ.आय.आर. चौथी आरोपपत्राची. त्यानंतर वाटा फुटतात. पोलीस 'बी' किंवा 'सी' समरी पाठवून प्रकरण मिटवतात; न्यायालय आरोपीला आरोपमुक्त करते; खटला चालून तो निर्दोष सुटतो; किंवा त्याला शिक्षा होते. शिक्षा झाली तरच कायद्याच्या भाषेत तो माणूस दोषी ठरतो. तोवर तो केवळ आरोपी असतो.

आरोपी आणि दोषी यांतील हे अंतर आपल्या देशात किती मोठे आहे, हे तुरुंगांची सरकारी आकडेवारीच सांगते. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांपैकी तिघांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता.

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगराला हे वेगळे सांगायला नको. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवायला २००९ साल उजाडले. बारा वर्षे तो केवळ आरोपी होता. हाच न्याय आपल्या मुलाला लावायचा म्हटला की मात्र नुसत्या संशयावर 'गुन्हेगार' हा शब्द तयार असतो.

भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर ३ जानेवारी २०१८ रोजी महाराष्ट्र बंद झाला. पूर्व द्रुतगती मार्ग अडला, लोकल थांबल्या. त्यानंतर उपनगरांतील वस्त्यांमधून तरुणांना उचलण्यात आले. माझ्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी त्यांत होता. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा. जमाव, दंगल, मनाई हुकूम मोडणे अशी नेहमीची कलमे त्याच्यावर लागली. तीन वर्षांनी तो जी.एन.एम.चा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. फॉर्म भरून देणाऱ्या दलालाने त्याला सांगितले होते, "सही ठोकून दे, कोण बघतंय?" घरच्यांचे म्हणणे होते, "अर्जच करू नको, उगाच शोभा होईल." आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारा मी पहिला. अर्जातील कोणत्या ओळीला भ्यायचे आणि कोणत्या ओळीला नाही, हे सांगणारे कोणी घरात नसते, हे मला ठाऊक आहे. म्हणून सल्ला देण्याआधी आम्ही दोघांनी कागद शोधायला घेतले.

बंदमधील गंभीर नसलेले गुन्हे मागे घेऊ, असे सरकारने २०१८ मध्येच विधिमंडळात जाहीर केले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी भीमा कोरेगाव प्रकरणाशी संबंधित ६४९ गुन्ह्यांपैकी ३४८ मागे घेतल्याचे सांगितले. वस्तीत सर्वांचा समज असा की आपण सुटलो. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मंत्र्याच्या घोषणेने खटला संपत नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. दोषारोप ठेवण्यापूर्वी खटला मागे घेतला तर आरोपी आरोपमुक्त होतो. नंतर घेतला तर निर्दोष ठरतो. हे जुन्या संहितेच्या कलम ३२१ मध्ये होते, नव्या संहितेच्या ३६० मध्ये आहे. म्हणून त्या आदेशाची शिक्क्याची नक्कल हाच पुरावा. आमच्या विद्यार्थ्याचा खटला मागे घेतला गेला होता, पण नक्कल कोणीच काढली नव्हती. ती हाती येईपर्यंत प्रवेशाची मुदत टळली आणि त्याचे एक वर्ष गेले. पुढच्या वर्षी अर्जासोबत नक्कल जोडून त्याने सगळे खरे लिहिले आणि त्याला प्रवेश मिळाला.

दुसरा धोका याहून वाईट आहे, कारण तो सुटकेसारखा दिसतो. किरकोळ मारहाण, शिवीगाळ असे खटले विक्रोळी, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या दंडाधिकारी न्यायालयांत वर्षानुवर्षे चालतात. प्रत्येक तारखेला दिवसाची मजुरी बुडते. मग कोणी तरी सांगते, "गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो." दंड भरला जातो, माणूस मोकळा होतो, पण कायद्याच्या दृष्टीने तो आता दोषी ठरलेला असतो. एवढा वेळ जी पायरी टाळली, तीच तो स्वतःहून चढतो. अशा अनेक कलमांत दोन्ही पक्षांना तडजोड करता येते आणि तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. शिवाय पहिल्याच गुन्ह्यासाठी १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची विनंती करता येते. तसे सोडल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याच कायद्याच्या कलम १२ नुसार लागू होत नाही. नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलीला 'दंड भरून टाक' म्हणण्यापूर्वी वकिलाला या दोन वाटा विचारल्याच पाहिजेत.

ज्यांचे वय घटनेच्या दिवशी अठराच्या आत होते, त्यांची गोष्ट स्वतंत्र आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम २४ नुसार मंडळापुढे निकाली निघालेल्या प्रकरणामुळे मुलाला कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि ठराविक काळानंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. कलम ७४ तर पोलिसांना बजावते की निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही. अपवाद सोळा वर्षांवरील आणि प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा. मुलाला नवी सुरुवात मिळावी, हे या कायद्याचे तत्त्वच आहे. हे कलम आपल्या शिक्षकांना पाठ असायला हवे.

मग अर्जात काय लिहायचे? नर्सिंग प्रवेशाच्या मूळ अटी वय, बारावीचे विषय व गुण, प्रवेश परीक्षा आणि शारीरिक योग्यता यांच्या आहेत. गुन्ह्याचा प्रश्न येतो तो संस्थेच्या हमीपत्रात, पुढे सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात आणि परदेशी जायचे झाल्यास पोलीस दाखल्यात. प्रत्येक ठिकाणी प्रश्न वेगळा असतो. 'शिक्षा झाली आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर निर्दोष सुटलेला माणूस 'नाही' असेच देईल आणि ते पूर्ण खरे असेल. पण केंद्र सरकारच्या साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, बंधपत्र, दंड हे सगळे विचारलेले असते. तेथे 'चॅप्टर'सुद्धा लपवता येत नाही.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय ध्यानात ठेवावेत. दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या संदीप कुमार या तरुणाच्या प्रकरणात २०११ साली न्यायालयाने म्हटले की तरुणपणी हातून होणाऱ्या चुकांकडे क्षमाशीलतेने पाहिले पाहिजे. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी नियमच घालून दिले. माहिती खरी असली पाहिजे. खरे सांगितले तरी त्याचा विचार करण्याचा अधिकार मालकाकडे राहतो. पण जे स्पष्टपणे विचारले आहे तेवढेच सांगणे उमेदवारावर बंधनकारक आहे. किरकोळ बाब लपवली तरी ती माफ करता येईल, असे सांगताना न्यायालयाने उदाहरण दिले ते लहान वयात घोषणा दिल्याचे. हे निर्णय नोकरीविषयी आहेत, प्रवेशाविषयी नाहीत. तरी प्राचार्यांपुढे विनंती-अर्ज करताना त्यांचा आधार जरूर घ्यावा. थोडक्यात, खोटे लिहू नये आणि न विचारलेलेही लिहू नये. लपवलेला लहान गुन्हा उघड झालेल्या लहान गुन्ह्यापेक्षा पुष्कळदा महाग पडतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. रुग्ण असहाय असतो, परिचारिकेच्या हाती त्याचा देह आणि औषधे असतात. मग चौकशी नको काय? हवी. असहाय माणसावर हात टाकणाऱ्याला, लैंगिक अत्याचार करणाऱ्याला वॉर्डात आणू नये, हे आपणच आधी म्हटले पाहिजे. कारण सरकारी वॉर्डात पडलेला रुग्ण बहुधा आपलाच असतो. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने जुन्या शिक्षा काही काळानंतर संपल्या असे मानले, पण परिचर्येला त्यातून वगळले. तरीही पुढे किरकोळ व जुन्या नोंदी गाळण्याची तरतूद तेथे करावी लागली. गुन्हा कोणता, केव्हाचा आणि त्याचा रुग्णाशी संबंध काय, हे तीन प्रश्न विचारणे म्हणजे चौकशी. 'नोंद आहे' एवढ्यावर दार लावणे हा बहिष्कार झाला.

आणि बहिष्कार आपण ओळखतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मतःच रजिस्टरात चढवली. तो कायदा १९५२ साली गेला. सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच्या जागी आले आणि पारध्याच्या पालावरचा छापा चालूच राहिला. तुरुंगात जातीवरून झाडलोटीची कामे वाटणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. ज्या देशात रजिस्टर जातीकडे पाहून भरले जाते, तेथे त्या रजिस्टरावरून चारित्र्य ठरवणे म्हणजे जातीवरूनच चारित्र्य ठरवणे होय.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे काही साधी कामे ठेवतो. मोर्चा काढणाऱ्या प्रत्येक संघटनेने अटक झालेल्यांची यादी, गुन्हा क्रमांक, न्यायालय आणि निकालाची नक्कल यांची फाईल ठेवावी. जामीन मिळाला म्हणजे जबाबदारी संपली असे मानू नये. बारावीच्या निकालाआधीच वस्तीतील मुलांची प्रकरणे तपासून नकला काढाव्यात. मोफत कायदेविषयक मदतीचा हक्क अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना १९८७ च्या कायद्याने उत्पन्नाची अट न घालता दिला आहे, तो वापरावा. शिक्षकांनी हमीपत्र विद्यार्थ्याबरोबर बसून वाचावे. संस्थांकडे मागणी करावी की हमीपत्रात 'गुन्हा दाखल आहे काय?' याऐवजी 'शिक्षा झाली आहे काय आणि कशासाठी?' असे विचारावे, आणि नकार दिला तर तो कारणांसह लेखी द्यावा.

बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. संघर्षात उतरलेल्या मुलाचा शिकण्याचा रस्ता त्या संघर्षामुळेच बंद होत असेल, तर तो पुन्हा उघडून देणे ही संघटनेची जबाबदारी आहे.