'कुणीच' म्हणजे नेमकं कोण?

परवा कराडला प्रीतिसंगमावर फिरताना भाचा वैतागून म्हणाला, "मामा, घरात माझं कुणीच ऐकत न्हाय." मी विचारलं, "कुणीच? आजीपण?" तो हसला. "आजी ऐकती की. पप्पा न्हाय ऐकत." गाठ सापडली!

'कुणीच?' असं उलट विचारायची ही युक्ती एनएलपीतली, म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंगमधली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात रिचर्ड बँडलर आणि भाषातज्ज्ञ जॉन ग्राइंडर यांनी नावाजलेले मानसोपचारक लोकांशी कसं बोलतात, ते बारकाईनं टिपलं. १९७५ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं.

त्यांचं म्हणणं असं: माणूस बोलताना बरंच गाळतो, थोडं वाकवतो आणि दोन-चार अनुभवांचं 'नेहमी' करून टाकतो. "मला जमणारच नाही" म्हणणाऱ्याला "का?" विचारलं की सबबी मिळतात. "नेमकं काय अडतंय?" विचारून बघा.

मात्र डोळे अमुक दिशेला वळले की माणूस खोटं बोलतोय, हा एनएलपीवाल्यांचा दावा सोडून द्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तो टिकला नाही. एकूणच एनएलपीला शास्त्रीय आधार तोकडा आहे. महागड्या कोर्सचे पैसे भरण्याआधी हे माहीत असावं. मी ते प्रश्नांपुरतंच वापरतो. (बायकोवर वापरू नका, अनुभवाचे बोल.)