एक दशांश सेकंद

अमेरिकेतल्या हंट्सव्हिलच्या अंतराळ संग्रहालयात ११० मीटर लांबीचं सॅटर्न-५ रॉकेट आडवं ठेवलेलं आहे. चंद्रावर गेलेल्यांचं कुतूहल असलेला माणूस साहजिकच यानाच्या टोकाकडे जातो. खरी झुंज मात्र शेपटाकडे झाली. तिथे पाच एफ-१ इंजिनं आहेत. प्रत्येकाचं तोंड साडेतीन मीटरहून रुंद, प्रत्येकाचा जोर जवळजवळ ६९० टन.

हे इंजिन सेकंदाला अडीच टनांहून अधिक इंधन आणि द्रव ऑक्सिजन पितं. इंधन म्हणजे रॉकेलचीच शुद्ध केलेली जात. दोन्ही द्रव हजारो बारीक भोकांच्या धातूच्या तबकडीतून फवारले जातात आणि ज्वलनकक्षात पेटतात. घोडं अडलं ते इथेच. ज्वाळेत दाबाच्या लाटा उसळत, कक्षात गरगरत आणि काही क्षणांत इंजिन फाडून टाकत. २८ जून १९६२ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर चाचणीत एक इंजिन असंच गेलं. केनेडींनी चंद्राचा शब्द देऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटलं होतं.

लाट का उठते, हे नेमकं सांगणारं गणित कुणाकडेच नव्हतं. मग नासाच्या मार्शल केंद्राचे जेरी थॉमसन आणि रॉकेटडाइन कंपनीचे पॉल कॅस्टनहोल्झ यांच्या चमूने धाडसी वाट धरली. लाट आपोआप उठण्याची वाट न पाहता धडधडत्या इंजिनाच्या पोटातच छोटा बॉम्ब फोडायचा आणि ज्वाळा सावरायला किती वेळ घेते ते मोजायचं.

एकदा नव्हे; सगळ्या मिळून सुमारे २००० पूर्ण आकाराच्या चाचण्या. भोकं मोठी केली, फवाऱ्यांचे कोन बदलले, तबकडीवर तांब्याचे आडोसे उभारून तिचे १३ कप्पे पाडले. बदल करायचा, बॉम्ब फोडायचा, मोजायचं, पुन्हा बदल. अखेर स्फोटानंतरची खळबळ एक दशांश सेकंदात शमू लागली. एक दशांश सेकंद! पापणी लवायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

नील आर्मस्ट्राँगचं नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. त्या दशांश सेकंदासाठी वर्षं घालवणाऱ्यांची नावं मात्र जाडजूड अहवालांतच राहिली, आणि हा अन्याय आहे.

नोव्हेंबर १९६७ मध्ये अपोलो-४ च्या वेळी सॅटर्न-५ पहिल्यांदा उडालं. ते धरून एकूण १३ उड्डाणांत मिळून ६५ एफ-१ इंजिनं वापरली गेली. त्यातल्या एकानेही दगा दिला नाही.

चार दशकांनंतर नासाच्या तरुण अभियंत्यांनी एक जुनं एफ-१ सुटं केलं. आराखडे शाबूत होते. पण वेल्डिंग करणाऱ्यांनी प्रत्येक इंजिन जुळवताना हातासरशी जे फेरफार केले, ते त्यांत सगळे उतरलेले नव्हते. म्हणून स्कॅनर लावून एकेक भाग मोजावा लागला. जानेवारी २०१३ मध्ये मार्शल केंद्रातच त्यांनी जुन्या एफ-१ चा, इंधनाचे पंप चालवणारा गॅस जनरेटर चाचणीला लावला, आणि तो पेटला.