कुसळ, बुरशी आणि उशीर

1879 साली थिओडोर लेबर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने एका शेतकऱ्याच्या डोळ्याची हकिगत लिहून ठेवली. मळणी करताना ओटचे तूस उडून त्याच्या डोळ्यात गेले होते. कॉर्नियावर, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर, व्रण झाला आणि आत पू साचला. लेबरने व्रणातला अंश तपासला, तर त्यात ॲस्परजिलस बुरशी निघाली. बुरशीमुळे कॉर्नियाला व्रण होतो याची वैद्यकातली ही पहिली नोंद. आज आपल्याकडे असा रुग्ण येतो तोही बहुधा शेतात राबणाराच असतो. भाताचे कुसळ, उसाचे पाचट, जनावराच्या शेपटीचा फटकारा, एवढे निमित्त पुरते.

निदानाची वाट लेबरच्या काळातच सापडली होती, पण औषधाला पाऊणशे वर्षे लागली. बुरशीची पेशी रचनेने माणसाच्या पेशीच्या बरीच जवळची आहे. त्यामुळे तिला मारणारे बहुतेक विष आपल्यालाही बाधते. 1950 च्या दशकात मातीतल्या सूक्ष्मजीवांनी वाट दाखवली. व्हेनेझुएलातल्या मातीतून ॲम्फोटेरिसिन बी मिळाले. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातल्या मातीतल्या जिवाणूपासून 1955 मध्ये नॅटामायसिन हाती आले. ही औषधे बुरशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉल या घटकाला पकडतात, आणि तो घटक माणसाच्या पेशीत नसतो. नॅटामायसिनच्या पाच टक्के थेंबांना अमेरिकेत 1978 मध्ये मान्यता मिळाली. या थेंबांची खोड अशी की औषध पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. बाटली हलवूनच घालावे लागते आणि ते कॉर्नियात खोलवर मुरतही नाही. म्हणून सुरुवातीला दिवसा तासातासाला थेंब, मध्येमध्ये व्रण खरवडणे आणि आठवडेच्या आठवडे धीर, अशी ही चिकाटीची चिकित्सा असते.

आजाराचा आवाका कळायला आणखी काळ गेला. मदुराईत 1994 साली तीन महिन्यांत आलेल्या कॉर्नियाच्या व्रणाच्या 434 रुग्णांची तपासणी झाली. ज्यांच्या नमुन्यात रोगजंतू वाढले, त्यांच्यात निव्वळ बुरशीचे आणि निव्वळ जिवाणूंचे रुग्ण जवळपास सारखेच निघाले. बुरशींमध्ये फ्युजेरियम आघाडीवर होती. थंड हवेच्या देशांतल्या पाठ्यपुस्तकांत कोपऱ्यात बसलेला हा आजार उष्ण कटिबंधात दर दुसऱ्या-तिसऱ्या व्रणामागे उभा होता. 2006 मध्ये श्रीमंत देशांनाही त्याची झळ लागली. कॉन्टॅक्ट लेन्स धुण्याच्या एका द्रावणाशी फ्युजेरियमच्या साथीचा संबंध दिसला आणि बॉश अँड लॉम्बने ते जगभरातून मागे घेतले.

तोवर व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचे दुसरे औषध आले होते. नवे, महाग आणि कॉर्नियात सहज मुरणारे. अनेक डॉक्टरांना तेच जिंकेल असे वाटत होते. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रॉक्टर फाउंडेशनबरोबर 323 रुग्णांवर दोन्ही थेंबांची तुलना केली. 2013 मध्ये निकाल लागला तो जुन्या नॅटामायसिनच्या बाजूने. फ्युजेरियमच्या रुग्णांत तर फरक ठळक होता. पुढच्या चाचणीत गंभीर व्रणांसाठी थेंबांच्या जोडीला व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या देऊन पाहिल्या. एकूण रुग्णांत त्यांचा लाभ दिसला नाही, उलट दुष्परिणाम वाढले. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नॅटामायसिनला अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली.

2021 चा उन्हाळा महाराष्ट्र विसरणार नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडच्या भडिमाराआडून म्युकरमायकोसिस आला. हा कॉर्नियाचा आजार नव्हे. त्यातली बुरशी नाक आणि सायनसमधून डोळ्याच्या खोबणीत आणि पुढे मेंदूकडे सरकते, रक्तवाहिन्या बंद पाडते. जुलैच्या मध्यापर्यंत देशात 45 हजारांवर रुग्ण नोंदले गेले. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक शहरभर वणवण फिरले. जीव वाचवण्यासाठी कित्येकांचा डोळा काढावा लागला. ‘बुरशी’ हा शब्द घरोघरी पोचला, पण शेतातल्या कुसळापर्यंत तो कितपत गेला, ही शंकाच आहे.

कारण खेड्यातला रुग्ण आजही आधी औषधांच्या दुकानात जातो. डोळा लाल आहे म्हणताच स्टेरॉइड मिसळलेले थेंब हातात पडतात. दोन दिवस लाली उतरते, ठणका कमी होतो आणि आत बुरशीला रान मोकळे मिळते. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, शरीराची कुमक तिथे आधीच सावकाश पोचते. स्टेरॉइड तीही अडवते. पिसासारख्या विसकटलेल्या कडा, मुख्य व्रणाभोवती बारीक ठिपके, कोरडा उंचावलेला पृष्ठभाग, ही लक्षणे ओळखीची होईपर्यंत व्रण खोल गेलेला असतो. मग नेत्ररोपण उरते. तेही अनेकदा दृष्टीसाठी नसून संसर्ग उपटून डोळा शाबूत ठेवण्यासाठी केलेले, आणि त्यासाठी लागणारे नेत्रदान पुरेसे होत नाही.

जखम होताच गाठावे, हा विचारही आजमावून झाला. नेपाळमधल्या भक्तपूरच्या अभ्यासात गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी खरचटलेल्या डोळ्यांत प्रतिजैविक मलम घातले. 18 तासांत मलम मिळालेल्या कुणालाही व्रण झाला नाही. 2001 मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. पुढे नेपाळमध्येच झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र अशा योजनेने गावातले व्रण कमी झाल्याचे दिसले नाही. प्रतिबंधाचा सोपा मार्ग हाती आला, असे म्हणता येत नाही.

राहिले ते निदान. आज पीसीआर आहे, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक आहे, पण ही साधने मोठ्या शहरांत. व्रणाची खरवड, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, काचपट्टी, साधा सूक्ष्मदर्शक आणि तंतू ओळखणारी नजर, एवढ्यावर काही मिनिटांत बुरशीचा माग लागतो. यातली शेवटची गोष्ट सोडली तर बाकी सारे तालुक्याच्या रुग्णालयात आधीच असते किंवा सहज आणता येते. तंत्रज्ञाला ही नजर देणे आणि तिथल्या औषधांच्या कपाटात नॅटामायसिन ठेवणे, ही दोन कामे नव्या औषधाची वाट न पाहता होण्यासारखी आहेत. पुढच्या दशकात प्रगती मोजायची तर एकच नोंद ठेवावी: डोळ्यात कुसळ गेल्यापासून खरवड काचपट्टीवर यायला किती दिवस लागले.